कडीच्या जागी नाना

कोणी हातात काही घेऊन समोर आलं, की आमचा नाना मान खाली घालतो. त्याला वाटतं, हार आला. न्हावी फडकं घेऊन आला तरी तेच. एकदा मी दोरीवरची ओली चादर चिडून त्याच्या गळ्यात टाकली. त्याने हात जोडले.

नाना दोनदा नगरसेवक होता. नाहूरच्या आमच्या चाळीतच वाढला. पहिला हार मीच घातला त्याला, कारण निवडून येण्याआधी महापालिकेत खेटे घालून त्याने चाळीला नळ आणला होता. तो नळ अजून चालतो. निवडून आल्यावरचं काहीच चालत नाही.

जिंकला आणि समोरच्या टॉवरमध्ये राहायला गेला. गटार तुंबलं, दिवा गेला, काहीही सांगा. "वैनी, काम झालं समजा." समजून समजून आम्ही म्हातारे झालो.

एक झालं, चाळीचा संडास. ठेकेदार नानाचा मेहुणा. दारांच्या कड्या वर्षाच्या आत गळून पडल्या. पाटी मात्र काळ्या ग्रॅनाइटची, नानाचं नाव सोनेरी. त्याच ग्रॅनाइटचा ओटा नानाच्या नव्या घरी होता. सत्यनारायणाला गेले तेव्हा हात फिरवून पाहिला. गुळगुळीत होता.

मग पक्षाने तिकीट कापलं. बायको वारली. मुलगा म्हणाला, पप्पा, जागा पुरत नाही. नाना आईच्या जुन्या खोलीत परत आला आणि बादली घेऊन रांगेत लागला, स्वतःच्याच पाटीखाली.

"साहेब, पुढे जा ना," पोरं चिडवायची.

"नको रे, आपण जनतेतले."

माझे गुडघे गेलेत. आत बसून दार रेटून धरता येत नाही. एका सकाळी मी आत असताना कोणीतरी दार उघडलं. मी बाहेर आले ती थेट नानावर.

"कड्या तू खाल्ल्यास ना रे? मग आता तूच कडी हो!"

सगळी रांग हसली. नानाची मान खाली गेली. या वेळी हारासाठी नाही.

दुसऱ्या दिवशी बायकांच्या दाराला सुतळी बांधलेली. तिचं टोक धरून नाना लांब, पाठमोरा उभा. "जा वैनी, बिनधास्त." तेव्हापासून रोज, सगळ्या बायकांसाठी. एखादी नवी सून लाजली, तर आतला आवाज बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून हा मोठ्याने भाषण ठोकायचा. "बंधूंनो आणि भगिनींनो!" इतका उपयोगी नगरसेवक तो नगरसेवक असताना कधी नव्हता.

परवा नव्या नगरसेवकाने नव्या कड्या बसवल्या. फोटो निघाले, पाटी बदलली. हारवाला आला तशी नानाने मान खाली केली. हार पुढे गेला.

काल सकाळी नाना तिथेच, सुतळी हातात.

"अरे, कडी लागली आता. जा घरी."

"ठाऊक आहे, वैनी. पण काम कसं केलंय, काय भरवसा? मी ओळखतो या लोकांना."

"तू नाही ओळखणार तर कोण!"

एरवी हसला असता. सुतळी बोटाला गुंडाळत राहिला.

मी आत गेले. कडी चांगली जाड होती. मी ती लावली नाही.

"धर रे," म्हटलं.