दुधाशिवाय उतरणार नाही

वीटभट्टीजवळच्या शाळेत नाश्त्यासाठी आलेल्या मक्याच्या फ्लेक्सनी, दूध असल्याशिवाय आपण मुलांच्या वाटीत उतरणार नाही, असं सोमवारी सकाळी मुख्याध्यापिका गव्हाणकरबाईंना सांगितलं.

बाई गडबडल्या नाहीत. नव्या योजनेत असलं काहीतरी निघतंच, हे नोकरीने त्यांना शिकवलं होतं. खोक्याजवळ खुर्ची ओढून त्या म्हणाल्या, "कोरडं नाही का चालणार? पोरं भट्टीवरची आहेत. कितीतरी जण रात्रीही उपाशीच झोपलेत."

"त्याबद्दल आम्हाला सहानुभूती आहे," वरचा मोठा फ्लेक म्हणाला. "पण आम्ही संतुलित आहाराचा एक भाग आहोत, असं खोक्यावर स्वच्छ छापलंय. बाकीचे भाग कुठे आहेत?"

बाईंनी खोकं फिरवून पाहिलं. खरंच छापलं होतं. चित्रात दूध होतं, केळ्याच्या चकत्या होत्या आणि एक गुबगुबीत मुलगा हसत होता.

"मुलगाही साधारण तसाच हवा," फ्लेक म्हणाला.

दारात मुलं वाट्या घेऊन उभी होती. पहिलीतली बिजली मात्र भिंतीला टेकून बसली होती. उभं राहिलं की तिला गरगरायचं. तिच्याकडे बघून बाईंनी विस्तार अधिकारी दाभाडेसाहेबांना फोन लावला.

साहेब आले. दार लावून त्यांनी खोक्याशी बोलणी केली आणि बाहेर येऊन म्हणाले, "त्यांचं म्हणणं रास्त आहे. उपाशी मुलांपुढे असा पौष्टिक पदार्थ ठेवणं बरं दिसत नाही. मुलांना घरून नाश्ता करून यायला सांगा."

"घरून करून आली तर इथे नाश्ता कशाला, साहेब?"

"बाई, योजनेच्या मुळावर उठू नका."

दूध मात्र त्यांनी तिथल्या तिथे मंजूर केलं, फ्लेक्ससाठी. दूध आलं. फ्लेक्स राजीखुशीने पातेल्यात उतरले आणि पिऊन पिऊन टम्म फुगले. साहेबांनी काटा मागवला. वजन चांगलंच वाढलं होतं. "बघा, पोषण असं दिसतं," असं म्हणून पातेल्याशेजारी फोटो काढून ते समाधानाने निघून गेले.

"आता वाढू का पोरांना?" बाईंनी विचारलं.

"आत्ताच पोट भरलंय," फ्लेक जडावलेल्या आवाजात म्हणाला. "लगेच हालचाल नको."

"बरोबर आहे. पडा थोडा वेळ," बाई म्हणाल्या आणि पातेल्यावर पदर धरून उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने पातेलं घोरायला लागलं. बाईंनी ओठांवर बोट ठेवून मुलांना आत घेतलं, पळीचा आवाज होऊ न देता वाट्या भरल्या. पहिली वाटी बिजलीची. तिने ती खाली ठेवलीच नाही, चाटूनपुसून संपवली आणि दुसऱ्यांदा रांगेत येऊन उभी राहिली. उभी राहिली, हे बाईंनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी नवं खोकं उघडलं.

"कालचे आमचे लोक कुठे गेले?" आतून विचारणा झाली.

"त्यांची बदली झाली," बाई म्हणाल्या आणि त्यांनी दूध तापत ठेवलं.