दत्तूबप्पांचे मैल

आमच्या शेजारच्या दत्तूबप्पांच्या बाजाराच्या पिशवीला एका विमान कंपनीचा सोनेरी बिल्ला लटकलेला असतो. पिशवीतून मेथीची जुडी डोकावत असते आणि बिल्ल्यावर बप्पांचं संपूर्ण नाव, खाली 'सुवर्ण सभासद' ही पदवी. नेकनूरच्या बाजारात गवारीचा भाव करताना बिल्ला बाईच्या डोळ्यांसमोर येईल अशा बेताने ते पिशवी धरतात. गवार काही स्वस्त होत नाही, पण बप्पांची छाती भरून येते.

गंमत अशी, की हे सुवर्ण सभासद जन्मात कधी विमानात बसलेले नाहीत. विमानतळ त्यांनी एकदाच पाहिला, तोही बाहेरून, संभाजीनगरला रोटाव्हेटरचा पार्ट आणायला गेलते तेव्हा.

बप्पांचं गावात खत-बियाण्यांचं दुकान आहे. बीडला बँकेत गेले असताना तिथल्या साहेबाने गोड बोलून त्यांच्या गळ्यात एक कार्ड मारलं. या कार्डावर खरेदी केली की विमान कंपनीकडे आपल्या नावाने मैल जमा होतात, आणि पुरेसे मैल साठले की तिकीट फुकट. बप्पांना त्यातला 'फुकट' हा शब्द असा काही लागला, की तेव्हापासून त्यांच्या तोंडी रामराम नाही, नमस्कार नाही. भेटला माणूस की, "मैल पडू द्या!"

एकट्याच्या खरेदीवर मैल पडून पडणार किती? म्हणून त्यांनी अख्ख्या गावाची खरेदी अंगावर घेतली. कुणाला फ्रीज घ्यायचा असो, कुणाला विहिरीवरची मोटार, बप्पा सोबत जातात, स्वतःचं कार्ड घासतात आणि माणसाकडून तिथेच रोख घेतात. लग्नाच्या बस्त्याला तर त्यांना मानाने नेतात. नवरीचा मामा रुसून मागे राहिला तरी चालतं, पण बप्पा जीपमध्ये बसल्याशिवाय जीप हलत नाही. साड्यांचा ढीग बघून बायका "रंग जाईल का?" विचारत असतात आणि बप्पा मागून म्हणतात, "आजून दोन घ्या वैनी, हैदराबाद गाठलंच बघा!"

हळूहळू त्यांना वस्तू दिसेनाशाच झाल्या, नुसती गावं दिसू लागली. वॉशिंग मशीन म्हणजे पुणं. ट्रॅक्टरचे टायर म्हणजे गोवा. एकदा मी पायातली स्लीपर घ्यायला निघालो तर म्हणाले, "सर, यात इमान धावपट्टी बी सोडत न्हाई. आमच्याकडं बोलू नका असलं."

मी हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेला माणूस. फुकट म्हटलं की मला आधी ठसका लागतो. मी त्यांना नाना परीने समजावलं. "बप्पा, जो माणूस कंपनीच्या खर्चाने आठवड्याला विमानात बसतो, त्याला हे ठीक आहे. आपल्यासारख्याला हे गाजर आहे. मैल त्यांचे, त्यांची किंमत ठरवणारे तेच. उद्या त्यांनी भाव वाढवला तर कुणाकडे दाद मागणार?"

"सर," बप्पा शांतपणे म्हणायचे, "तुमी हिशोबात हुशार हायेत. पर तुमाला हौस न्हाई."

या मैलांची एक वार्षिक सभाही भरू लागली. त्याचं असं झालं, की गाव पडलं साखर कारखान्यांच्या मुलखातलं. आपला ऊस गेला की आपण सभासद, आणि सभासद म्हटला की दिवाळीला स्वस्तातली साखर, हे इथल्या माणसाच्या हाडात मुरलेलं. त्यामुळे ज्याचा फ्रीज बप्पांच्या कार्डावर आला, तो स्वतःला मैलांचा सभासद समजू लागला. बप्पांच्या दुकानासमोर लिंबाखाली सतरंजी पडली. बप्पा बिनविरोध चेअरमन झाले. आणि आमच्या जिल्ह्यात एकच पॅनल असलेली संस्था म्हणजे अपशकुन, म्हणून दूध डेअरीच्या नामदेवने तिथल्या तिथे विरोधी पॅनल काढलं.

"चेअरमन सायेब, मैल नेमके कुठं ठिवलेत, ते सभेला सांगा," नामदेव गरजला.

"हवेत हायेत," बप्पा म्हणाले. आणि ते अगदी खरं होतं.

"अन् हमारे इंजन के मैल?" मोटारमेकॅनिक रशीदभाई म्हणाले. "वो बी हवा में?"

"तुमचे खिडकीजवळ ठिवलेत, भाई."

अशा हसतखेळत दोनतीन सभा झाल्या. मग एके दिवशी दिल्लीहून मनीषाचा फोन आला आणि खेळ संपला.

मनीषा ही बप्पांची एकुलती लेक. जावई फौजेत, सध्या दिल्लीला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, म्हणून तिच्या आईने, म्हणजे कौसाकाकूंनी, डिंकही आणून ठेवला होता. पण डॉक्टरीणबाईंनी लेकीला अंथरुणातून उठायलाही मनाई केली. तारीख जवळ आली होती, जावयाची ड्युटी रात्रंदिवस, घरात दुसरी बाई नाही. लेक येऊ शकत नाही म्हटल्यावर माहेरानेच तिकडे जायला हवं होतं.

अडचण अशी, की काकूंना प्रवास सोसत नाही. नेकनूरहून बीडला जायचं तरी मांजरसुंब्याच्या घाटात त्यांना भडभडून उलटी होते. रेल्वेने दिल्लीला जायचं म्हणजे सगळी वाट उपाशी, आणि पोचल्यावर लेकीने आईला सांभाळायचं. तरी काकू हट्टाला पेटल्या. "रेल्वेनंच जाते. माज्यासाटी इमानाला पैसे घालायचं कारण न्हाई."

सभा तातडीने बोलावली गेली. रशीदभाईंनी ठराव मांडला, आणि नामदेव अनुमोदनाला उभा राहिला तेव्हा लोकांना वाटलं, याला ताप आहे. "पोरगी गावाची हाय," तो म्हणाला. "समदे मैल काकूला द्या. विरोधी पॅनलचे बी." सर्वानुमते मंजूर. पेरणीच्या तोंडावर दुकान बंद ठेवता येत नव्हतं, म्हणून काकू एकट्याच जाणार असंही ठरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बप्पा माझ्याकडे आले. मी लॅपटॉप उघडला, त्यांचं खातं उघडलं आणि दिल्लीचं तिकीट शोधलं. मैलांचा तक्ता मधल्या काळात बदलला होता. पूर्वी जेवढ्यात दोन माणसं गेली असती, तेवढ्यात आता जेमतेम एक जात होतं. आणि तीही जागा अशा तारखेची, की तोवर बाळ पालथं पडायला लागलं असतं.

बप्पांनी कंपनीला फोन लावला. पलीकडची बाई साखरेसारखी गोड होती. म्हणाली, "आपण आमचे अत्यंत मौल्यवान सभासद आहात."

"मग मौल्यवान माणसाच्या बायकूला नेत कावून न्हाईत?" बप्पांनी विचारलं.

बाईने दिलगिरी व्यक्त करून बासरी लावून दिली. बप्पांनी बराच वेळ बासरी ऐकली आणि फोन ठेवला.

मला खरं तर 'मी सांगत होतो' असं म्हणायचं होतं. ते वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. पण त्यांचं तोंड बघून मी ते गिळलं.

"सर," ते म्हणाले, "पैशानं काढा तिकीट. पर भाईर बोलू नका."

"अहो, मग इतकी वर्षं तरी पैशानंच का नाही नेलं कुठं काकूंना? तुम्हाला काही कमी नाही."

बप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तिला काय दिलेलं चालत न्हाई, सर. लगीन झालं त्या साली पैठणी आणली, तर दुकानात वापस. बांगड्या केल्या, त्या मोडून लेकीला घातल्या. घरासाटी घेती, लेकीसाटी घेती, सोताला म्हणून माज्याकडून काडी घेतली न्हाई. गरिबीतली पोरगी, मोठी झाली तीच दुसऱ्याला घालून. मग त्या बँकेच्या सायबानं सांगितलं, फुकट हाय. म्हणलं, हे बरं हाय. जे फुकट हाय, ते ती वापस कुणाला करंल?"

 गावभर कार्ड घासत हिंडणारा हा माणूस मला इतके दिवस हौशी वाटत होता. मी मुकाट्याने तिकीट काढलं. खिडकीजवळची जागा घेतली.

निघायच्या दिवशी सकाळी बप्पांच्या दारात सगळे सभासद जमले. प्रत्येकाला आपल्याच वस्तूवर काकू उडणार असं वाटत होतं. कुणी म्हणे माझ्या फ्रीजमुळे, कुणी म्हणे माझ्या पोरीच्या बस्त्यामुळे. रशीदभाईंनी जीप धुऊन आणली होती. काकू डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन बसल्या, लिंबू मुठीत धरलं, आणि अचानक त्यांनी मला हाक मारली.

"सर, इकडं या. तुमी म्हणायचेत, हे समदं गाजर हाय म्हणून. आमचे हे तर काय बी सांगतेत. तुमी सांगा. तिकीट फुकटच हाय ना? पैसे घातले असले तर मी आत्ता उतरते."

 बप्पा जीपच्या मागच्या टायरकडे असे बघत होते, जणू तो त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. काकूंचा एक पाय खाली यायला निघाला होता. तिकडे लेक वाट बघत होती.

"फुकट आहे, काकू," मी म्हणालो. "एक पैसा नाही. माझा हिशेब चुकला होता."

दारात टाळ्या पडल्या. नामदेव म्हणाला, "सर, हे सभेत कबूल करा एकदा." जीप निघाली. बप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण जाताना खांद्यावर नुसता हात ठेवला.

काकू सुखरूप पोचल्या. मनीषाला मुलगी झाली, दोघी ठणठणीत. गावात पेढे वाटले गेले. बप्पांचं दुकान पेरणीच्या गर्दीत बुडालं, पण घरी दिवा उशिरा लागायला लागला. एकटा माणूस दुकानातच रेंगाळायचा. मी चहाला बोलवायचो तर म्हणायचे, "येतो," आणि यायचे नाहीत.

पेरण्या उरकल्यावर एका संध्याकाळी मात्र ते माझ्या अंगणात जवळजवळ पळतच आले. पायात चपलाही नव्हत्या.

"सर, तिचा फोन आलता आत्ता."

"काय झालं? बाळ बरं आहे ना?"

"बाळ एक नंबर हाय." त्यांना धाप लागली होती, ते कट्ट्यावर बसले. "म्हणती, उलटी बिलटी काय झाली न्हाई, ढग लई ग्वाड दिसतेत. अन् म्हणती, मैल उरले असले तर तुमी न्यायला या. एकटीनं माघारी यायला करमत न्हाई. येताना दोघं खिडकीतून बघू."

 त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्यांना सुचत नव्हतं.

"लगीन झाल्यापासून तिनं पहिल्यांदा काय तर मागितलं हो माज्याकडं."

मी आत जाऊन लॅपटॉप घेऊन आलो.