ढोल हाये ना त्याईले

आमचे शेजारी प्रल्हादभाऊ इंगळे यांची बातमी वाचली की सामना कोण हरलं ते पक्कं कळतं. कोण जिंकलं ते मात्र नांदुऱ्याच्या बसस्टँडवर विचारावं लागतं.

भाऊ क्रीडा वार्ताहर. कापसाच्या जिनिंगमधली चांगली कारकुनी सोडून वार्ताहर झाले. वहिनींनी दोन दिवस अबोला धरला. भाऊंना तो तिसऱ्या दिवशी कळला, कारण मधले दोन दिवस उंद्रीला कबड्डी होती.

शहरातल्या कचेरीत जागा कमी पडली की बातमी खालून कापतात. हे ठाऊक असल्यामुळे भाऊ हरलेल्यांची सातही नावं आधी घालतात, मग राखीव खेळाडू, मग पाय मुरगळलेला. विजेते शेवटच्या ओळीत. कात्री बरोबर तिथेच बसते.

एकदा संग्रामपूरचा विजयी संघ पेपर घेऊन दारात आला. भाऊंनी चहा पाजला. म्हणाले, "गावात ढोल वाजला ना? मंग तुमाले पेपर कायले पायजे?" कप्तान जाताना म्हणाला, "पुढच्या साली हारूनच येतो, भाऊ."

अखेर कचेरीचा फोन आला. आजच्या अंतिम सामन्याच्या बातमीत विजेता पहिल्या ओळीत नसला, तर उद्यापासून दुसरा वार्ताहर. भाऊंची बोटं कबड्डीत वाकडी झालेली, म्हणून मोबाइलवर बातमी मीच टाइप करतो.

"भाऊ, आज तरी हट्ट सोडा," मी म्हणालो. खरं तर मला त्यांचा रागच आला होता.

त्यांनी विजेत्यांचं नाव सांगितलं, मी लिहिलं. मग खिशातून एक पिवळं कात्रण काढलं. जुन्या कुठल्यातरी सामन्याची बातमी. शेवटी लिहिलं होतं, 'इतरांनीही चांगला खेळ केला.'

"त्या इतरात मी होतो," भाऊ म्हणाले. "मायले वाचता येत नव्हतं. तिनं इचारलं, बापू, यात तुयं नाव कोठी हाये? म्या 'इतर'वर बोट ठेवलं. मरेपर्यंत थे त्याच शब्दावरून हात फिरवे. येणाऱ्या-जाणाऱ्याले दाखवे, हे माह्या पोराचं नाव."

भाऊ कात्रणाची घडी घालत होते.

"जाऊ द्या सर. राहू द्या पयली ओळ तशीच."

मी पहिली ओळ पुसली.

"सांगा भाऊ," मी म्हणालो, "हरलेल्यांतलं पहिलं नाव कोणाचं?"