आधी मेकॅनिक, मग बिघाड

"आजपासून लिफ्टच्या मेकॅनिकला इमारतीत प्रवेश नाही." सेक्रेटरींनी स्वतःच्या सहीनिशी लिफ्टच्या दारावर डकवलेली ही सूचना पाचव्या मजल्यावरच्या बाईंनी दोनदा वाचली. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे पहिल्या वाचनावर त्यांचा विश्वास बसत नसे. महिनाअखेरीला ऑपरेशन होतं. चार महिने वाट पाहून तारीख मिळाली होती, आणि बाईंच्या गुडघ्यांना पाच मजल्यांचा जिना झेपणारा नव्हता.

त्यांनी तिथंच तळमजल्यावर सेक्रेटरींची बेल वाजवली.

सेक्रेटरी आकडेवारी खात्यातून निवृत्त झाले होते, पण खातं काही त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. त्यांनी बाईंना थेट कॉम्प्युटरसमोरच बसवलं.

"बाई, तुम्ही गणिताच्या. तुम्हाला पटेलच. ही लाल रेघ मेकॅनिकच्या फेऱ्यांची, निळी लिफ्टच्या बिघाडांची. निळी दोन दिवस मागे सरकवली की बघा, तंतोतंत जुळतात! मेकॅनिक पुढे, बिघाड मागे. तो येऊन गेला की दोन दिवसांनी लिफ्ट पडलीच बंद. हाच माणूस काहीतरी करून ठेवतो."

"बिघाडाची नोंद कधी करता तुम्ही?"

"मला कळलं की त्याच मिनिटाला."

"आणि तुम्हाला कळतं कधी?"

"सांगतंच की कोणीतरी."

बाईंनी कपाळावर हात मारला. तळमजल्यावरच्या या गृहस्थाला लिफ्ट कधी लागतच नसे. ती अडली की वरची मंडळी परस्पर मेकॅनिकला बोलवत, तो दुरुस्त करून जाई, आणि दोनेक दिवसांनी कोणीतरी सेक्रेटरींना फाटकात गाठून "परवा लिफ्ट बंद होती हो" असं तणतणे. सेक्रेटरी तारीख टाकत ती तणतणण्याची. बाईंनी हे तीनदा समजावलं. चौथीतल्या मुलांना एकदा पुरलं असतं.

"ऐकीव तारखा मी लिहीत नाही," सेक्रेटरी ताठ होत म्हणाले. "शास्त्रात ते बसत नाही."

चारच दिवसांत लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर अडकली. बाईंनी मेकॅनिकला फोन लावला.

"दहा मिनिटांत येतो हो बाई. पण तुमचा वॉचमन आत सोडेल तर ना!"

एक आठवडा गेला, दुसरा गेला, तिसराही गेला. चौथ्या मजल्यावरच्या दमेकरी काकांनी फिरायला जाणं सोडलं. दूधवाला पिशव्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर टाकून चालता होऊ लागला. सेक्रेटरी मात्र रोज संध्याकाळी आलेख पाहून खूश होत होते.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी खाली पार्किंगमध्ये वार्षिक सभा होती. बाई पायरीवर बसत, पुढच्या पायरीवर घसरत, सव्वा तासात खाली पोहोचल्या. साडीची रया गेली होती आणि डोकं चांगलंच तापलं होतं. वरच्या मजल्यांवरचं दुसरं कोणीही आलं नव्हतं.

"मेकॅनिकला बंदी घातल्यापासून लिफ्ट फक्त एकदा बंद पडलीये," सेक्रेटरी सांगत होते. "पूर्वी महिन्यातून चारदा पडायची!"

तळमजला आणि पहिला मजला टाळ्या वाजवू लागले.

"आणि चालू कितीदा झाली?" बाईंनी विचारलं.

सेक्रेटरींनी कागद चाळले. "त्याचा रकाना नाहीये, बाई."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पण दगडावर डोकं आपटून दगडाला काही होत नाही, हे त्यांना तीस वर्षांच्या शिकवण्यात कळलेलं होतं.

"बरं," त्या म्हणाल्या. "उद्या माझं ऑपरेशन. परत वर चढणं काही मला जमायचं नाही. लिफ्ट सुरू होईपर्यंत मी तुमच्याकडेच राहते. डोळ्याला पट्टी असेल, तेव्हा पेपर तेवढा तुम्ही मला वाचून दाखवा. अगदी छोट्या जाहिरातींसकट."

"या ना बाई, खुशाल या!" सेक्रेटरींची बायको मागून म्हणाली. "यांचा कॉम्प्युटर काढला की तिथं पलंग मस्त बसेल."

सेक्रेटरींनी सभा सोडून फोन कानाला लावला. "मेकॅनिक का? ताबडतोब ये."

"पण साहेब, मी आलो की लिफ्ट बंद पडते ना?"

"पडली तर पडू दे रे! तू ये आधी!"