बाल्कनीसमोरचा बहावा

एका जंगलात, बालमित्रांनो, सगळ्यांची कामं नदीकाठी होती आणि घरंही नदीकाठीच होती. म्हणजे जंगल तसं मागासलेलंच म्हणायचं.

मग तिथे एक कोल्हा आला. त्याने नदीपासून बारा कोसांवर एक टेकडी शोधली, तिला कुंपण घातलं, फाटक बसवलं आणि नाव दिलं 'नभांगण'.

सदानंदराव कासव सहज बघायला गेले. त्यांना घर नको होतं. त्यांचं घर त्यांच्या पाठीवरच होतं.

"पण त्याला बाल्कनी कुठाय, सदानंदराव?" कोल्हा म्हणाला.

सदानंदरावांनी मान वळवून पाहिलं. खरंच नव्हती.

कोल्ह्याने एक गुळगुळीत पान पुढे केलं. त्यावर बाल्कनीचं चित्र होतं. बाल्कनीसमोर बहावा, आणि बहाव्याला पिवळेधमक घोस. सदानंदराव पाघळले. त्याच दिवशी त्यांनी अंगठा उमटवला.

आता नभांगणातला दिवस कसा असतो ते ऐका. उजाडायच्या आत नीलगाईंची गाडी फाटकाशी यायची. सगळे रहिवासी तिच्यात चढायचे आणि झोपायचे. परत यायचे ते दिवस बुडाल्यावर. सदानंदरावांना शेजाऱ्यांची नावं ठाऊक नव्हती, पण कोण कसं घोरतं ते बिनचूक सांगायचे. रविवारी मात्र सुट्टी. त्या दिवशी अख्खं नभांगण निसर्ग बघायला दुसऱ्या जंगलात जायचं.

निरोपांसाठी प्रत्येकाच्या खांद्यावर एक पोपट होता. एक बोलला की सगळे बोलायचे. सकाळी दीडशे वेळा शुभप्रभात व्हायचं, मग कामाचं.

सदानंदरावांच्या घरात दिवसभर असायच्या त्या एकट्या गोदाबाई मुंगूस. पोपटाकरवीच कामाला ठेवलेल्या. त्या उन्हं वर आल्यावर यायच्या आणि उन्हं उतरताना जायच्या. सात वर्षांत त्यांनी साहेबांना पाहिलं नव्हतं आणि साहेबांनी त्यांना.

सात वर्षांत सदानंदरावांनी बहावाही फुललेला पाहिला नव्हता. पहाटेच्या काळोखात पायाखाली मऊ मऊ लागायचं, तेव्हा कळायचं की फुलला होता. याचं त्यांना फार वाईट वाटायचं. गाडीत डोळा लागेपर्यंत वाटत राहायचं.

यंदा वैशाखात काय झालं, कचेरीतले हत्तीसाहेब भाचीच्या लग्नाला गेले आणि सकाळीच कचेरी सुटली. सदानंदरावांनी हिशेब केला. बहावा दोन-चार दिवसांत झडणार. आज नाही तर कधीच नाही, कारण हत्तीसाहेबांना ती एकच भाची होती. सदानंदराव एका म्हशीच्या पाठीवर बसून तडक टेकडीवर आले.

फाटकावर दिवसपाळीचा भिवा साळिंदर होता.

"कुणाकडे जायचंय?"

"माझ्याकडे. मी सदानंद कासव."

"ओ काका, इथले साहेब लोक दुपारी घरी नसतात. तुम्ही आहात म्हणजे तुम्ही इथले नाही."

भिवाने आपल्या पोपटाच्या कानात काहीतरी सांगितलं. क्षणात सदानंदरावांच्या खांद्यावरचा पोपट ओरडला, "फाटकावर संशयास्पद कासव! सर्वांनी सावध राहा!"

सदानंदराव सुरक्षा उपसमितीचे प्रमुख होते. सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मुळीच आत सोडू नका."

चाळीस पोपट एका सुरात म्हणाले, "अगदी बरोबर!"

"बघा," भिवा आपल्या पोपटाचं ऐकून म्हणाला, "खुद्द सदानंदरावच नको म्हणतायत."

आता एकच वाट उरली होती. दिवसा येणाऱ्याला घरात जो असेल त्याने होकार दिला, तरच आत सोडायचं, असा नियम होता. नियम सदानंदरावांनीच केला होता. त्यापायी पहिल्याच दिवशी गोदाबाईंच्या भावाला भर उन्हात परत जावं लागलं होतं.

गोदाबाई पदराला हात पुसत खाली आल्या. कासवाला त्यांनी वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"साहेब म्हणवता, तर सांगा, चहाचं पातेलं कुठं असतं?"

"फडताळात?"

"बाल्कनीत बसायला काय आहे?"

"झोपाळा!" चित्रात झोपाळा होता.

"झोपाळा मोडून चार वर्षं झाली. सकाळचं ऊन कुठल्या खोलीत येतं?"

सदानंदराव मान वर करून सूर्य शोधू लागले.

"सोड रे यांना," गोदाबाई म्हणाल्या. "चोर घराची सगळी माहिती काढून येतो. इतकं काहीच ठाऊक नाही, म्हणजे मालकच."

"मालक म्हणून नाही सोडता येणार," भिवा म्हणाला. "तुमचे पाहुणे म्हणून सोडतो. दीड तास."

सदानंदरावांच्या गळ्यात पाहुण्याची चिठ्ठी अडकवली गेली. ते वर गेले. गोदाबाईंनी त्यांना बाल्कनीत आपल्या नेहमीच्या पाटावर बसवलं आणि आल्याचा चहा आणून दिला.

समोर बहावा होता. चित्रापेक्षा पिवळा.

"डावीकडच्या फांदीकडे बघा," गोदाबाई म्हणाल्या. "आत्ता हळद्या पक्षी येईल. रोज माझ्या चहाला येतो."

आणि हळद्या आला. सदानंदरावांना इतका आनंद झाला की ते चहा प्यायचे विसरले. थोडा हेवाही वाटला, पण पाहुण्याने तसं दाखवायचं नसतं.

दीड तासाने भिवाने शिटी मारली. सदानंदराव उठले, "येतो हं, फार छान जागा आहे तुमची," असं म्हणाले, आणि फाटकाबाहेर जाऊन बसले.

दिवस बुडाल्यावर नीलगाईंची गाडी आली. सदानंदरावांच्या पत्नी सुलभाताई जांभया देत उतरल्या.

"आज कचेरी लवकर सुटली म्हणे. होतात कुठे दिवसभर?"

"गोदाबाईंकडे चहाला गेलो होतो," सदानंदराव म्हणाले. "आपणही तसंच घर घ्यायला हवं होतं."

तात्पर्य : घर घ्यावे तर लांब, उंच आणि देखणेच घ्यावे. मात्र कामाच्या बाईंशी बोलणे गोड ठेवावे, म्हणजे कधीतरी चहाला बोलावतील.