शांत संगीत निवड उपसमिती

अंबरनाथ पश्चिमेच्या ‘सौख्य संगम’ सोसायटीच्या वार्षिक सभेत विषय क्रमांक नऊ एकमताने मंजूर झाला. ‘आवाज सहन न होणाऱ्या रहिवाशांसाठी शांत वाद्यसंगीताची निवड करणे’ असा तो विषय होता. एकमत झालं, कारण आठव्या विषयालाच वडापाव आले होते आणि सगळ्यांची तोंडं भरलेली होती.

विषय मांडला होता ए विंगच्या वृंदा भोईरनं. ती शाळेत संगीत शिकवायची. तिच्या भावाची नऊ वर्षांची मुलगी जिज्ञासा कुकरची शिट्टी झाली की टेबलाखाली जायची. मिक्सर, ड्रिल, रिव्हर्स घेणाऱ्या गाडीचं गाणं, सगळं तिच्या अंगावर यायचं. बी विंगच्या आण्णांनाही कानाच्या दुखण्यानंतर जरा मोठा आवाज झाला की गरगरायचं. तळमजल्यावरची रिकामी खोली या दोघांना रोज संध्याकाळी तासभर मिळावी आणि तिथे हळू काहीतरी वाजावं, एवढंच वृंदाचं मागणं होतं.

दोन रविवार खपून तिनं संगीत निवडलं. बासरी वर चढली की जिज्ञासा कान दाबायची. तबला सुरू झाला की उठूनच जायची. शेवटी तानपुरा आणि त्यावर खालच्या सुरातला संथ सरोद ठरला. अकरा मिनिटं, मध्ये कुठेही दचका नाही. आणि बंद करायचा रिमोट जिज्ञासाच्याच हातात. चौथ्या मिनिटाला तिनं कानांवरचे हात काढले.

“आत्या, हे टोचत नाही.”

वृंदाच्या लेखी काम झालं होतं. सोसायटीच्या लेखी ते सुरूही झालं नव्हतं, कारण उपसमिती अजून बसायची होती.

उपसमितीत अध्यक्ष हिंदुराव, सचिव धर्मराज आणि वृंदा असे तिघं होते. हिंदुरावांनी अकराही मिनिटं डोळे मिटून ऐकली.

“मॅडम, यात काही होतच नाही.”

“तेच तर हवंय, काका.”

“ते तुम्हाला हवंय. उद्या सभासदांनी विचारलं, एवढ्या वेळात झालं काय, तर मी काय दाखवू?”

धर्मराजनं चष्मा पुसला. “शिवाय सरोद वाजवणारा कुठल्या विंगचा?”

“तो आपल्या सोसायटीतला नाहीये.”

“म्हणजे बाहेरचा,” धर्मराजनं लिहून घेतलं. “शांतता काय एकट्या ए विंगची नाही, मॅडम. समतोल पाहिजे.”

समतोल असा साधला गेला: ए विंगची सनई, बी विंगचा बेंजो, सी विंगचा कीबोर्ड. डी विंगमध्ये कुणाला काहीच वाजवता येत नव्हतं, म्हणून त्यांना झांजा देण्यात आल्या. चारही विंगचं एकत्र रेकॉर्डिंग झालं. वृंदानं विरोध नोंदवला. तो नोंदवला गेला.

मग हरकती व सूचना मागवण्यासाठी आवारातून भोंगा लावलेली रिक्षा फिरली. “शांत संगीताबाबत आपले मत कळवा होऽऽ!” असं ती तीन दिवस ओरडत होती. ते तिन्ही दिवस जिज्ञासा टेबलाखालीच जेवली.

एकच हरकत आली. चौदाव्या मजल्यावरच्या रहिवाशांनी लेखी कळवलं, की तळमजल्यावर हळू वाजणारं संगीत आम्हाला ऐकू येणार नाही. आम्हीही मेन्टेनन्स भरतो. आम्हाला शांततेपासून वंचित का ठेवता? हरकत रास्त ठरली. रिमोटची जबाबदारी अल्पवयीन व्यक्तीकडे देता येत नसल्याने तो अध्यक्षांच्या ताब्यात गेला. आणि चार मोठे स्पीकर आणायला शिष्टमंडळ उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये सनीच्या दुकानात गेलं.

“आंटी, हे थोडे छोटे दाखवू का?” वृंदाचा चेहरा बघून सनीनं विचारलं.

“छोटे नको,” हिंदुराव म्हणाले. “सगळ्यांपर्यंत पोचलं पाहिजे.”

“मग टेन्शनच नाही, बॉस. ह्याच्यावर शांती लावा, बदलापूरपर्यंत ऐकू जाईल.”

उद्घाटन रविवारी सकाळी अकरा वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये झालं. लाभार्थी म्हणून जिज्ञासा आणि आण्णा यांना पहिल्या रांगेत, स्पीकरच्या समोर, मानाच्या खुर्च्या होत्या. वृंदा म्हणाली, आम्ही मागे बसतो. धर्मराज म्हणाला, कार्यक्रमपत्रिका छापून झाली.

हिंदुरावांनी रिमोट दाबला. सनई, बेंजो, कीबोर्ड आणि झांजा एकदम सुरू झाल्या. हॉलच्या काचा थरथरल्या. आण्णांनी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि हळूहळू एका बाजूला कलंडायला लागले. जिज्ञासा खुर्चीखाली गेली. तिचं तोंड उघडं होतं; ती किंचाळत होती, पण ते कुणाला ऐकू येत नव्हतं.

“काका, बंद करा!” वृंदा ओरडली.

“हो, छान झालंय!” हिंदुराव मान डोलावत म्हणाले.

वृंदानं मग कसलाही ठराव न मांडता भिंतीपाशी जाऊन वायर उपटली.

आवाज गेला. दीडशे माणसं जागच्या जागी थिजली. बाहेर वाळत घातलेली चादर वाऱ्यानं फडफडत होती, तेवढं ऐकू आलं. आण्णा सरळ झाले. खुर्चीखालून जिज्ञासाचं डोकं बाहेर आलं. तिनं कानांवरचा एक हात काढला, मग दुसरा.

“आत्या,” ती हळूच म्हणाली, “हेच लावा ना. रोज.”

ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. हिंदुरावांचे डोळे पाणावले. त्यांनी धर्मराजकडे पाहिलं. धर्मराज उठला, त्यानं घसा साफ केला आणि अतिशय हळू आवाजात ठराव वाचला: रोज संध्याकाळी एक तास कुणीही काहीही वाजवणार नाही. सूचक जिज्ञासा, अनुमोदक आण्णा.

हा सौख्य संगमच्या इतिहासातला सर्वांत शहाणा ठराव होता, आणि तो टाळ्यांच्या प्रचंड कडकडाटात मंजूर झाला. चौदाव्या मजल्यावरच्यांनी तर शिट्ट्याही मारल्या.

वृंदाला इतका आनंद झाला, की जिज्ञासा कुठे गेली हे तिच्या लक्षातच आलं नाही. तिनं इकडेतिकडे पाहिलं. पोरगी पुन्हा खुर्चीखाली होती, कान गच्च दाबून, आणि ती हिंदुरावांकडे नाही, धर्मराजकडे नाही, वृंदाच्या हातांकडे बघत होती.

वृंदानं खाली पाहिलं. हात अजून टाळ्या वाजवतच होते.