शिमग्यातली हजेरी

जग सोडून जाण्याच्या आदल्या दिवशी श्रीपत गुरुजींना एकच घोर होता. दुपारी शाळा बघायला साहेब येणार आणि शाळेत पोरं चारच.

"कायदा बदललाय गं," मानसी रंगूबाईंना तिसऱ्यांदा समजावत होती. गुरुजींची ही मुलगी महाडच्या कॉलेजात शिकवायची आणि शिमग्याला घरी आली होती. "कमी पोरांच्या सरकारी शाळा खाजगी संस्थेला चालवायला द्यायच्या. संस्थेनं नाकारली की शाळा बंद. मग पोरांनी पोलादपूरला जायचं."

"घाट उतरून? रोज?" शाळेतली खिचडी शिजवणाऱ्या रंगूबाईंनी पळी आपटली. "मंग पोरं भरू की! सनाला मुंबयची सगली पोरं वाडीतच हायत."

"खोटी हजेरी मी घेणार नाय," गुरुजी म्हणाले. निवृत्त होऊनही ते रोज शाळेत जात, कारण नेमलेले मास्तर बहुधा तालुक्याला मीटिंगमध्ये असत.

"तुमी घेऊ नका. पोरं नुसती बसतील. बसायला कुठं कायदा लागतो?"

दुपारी शाळा ओसंडून वाहत होती. नालासोपाऱ्याची, भांडुपची पोरं मांडीला मांडी लावून बसली होती. 'नाव घेतलं की हजर म्हनायचं, मंग जिलबी,' असं रंगूबाईंनी पढवून ठेवलं होतं. कोणाचं नाव, हे सांगायचं मात्र राहून गेलं होतं.

संस्थेचे राजेंद्र साहेब घाम पुसत आले आणि हरखले. "वा! आम्हाला अशीच भरलेली शाळा हवी. गुरुजी, हजेरी घ्या पाहू."

गुरुजींनी चष्मा पुसला. "चंदू हैबती."

"हजर!" अख्खा वर्ग गरजला.

"सेजल भरत."

"हजर!" आता भिंतीवरचा नकाशाही हलला.

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. खिडकीतून रंगूबाई डोळे वटारत होत्या. पोरांना वाटलं, आवाज कमी पडतोय.

गुरुजी पेचात पडले. पाहुण्या लेकरांना खोटं पाडवेना आणि खोटं चालूही देववेना. मग त्यांनी चष्म्यावरून दाराकडे पाहिलं. "मानसी श्रीपत."

"हजर!" सगळ्यांत मोठा आवाज मिसरूड फुटलेल्या एका दादाचा होता.

"मानसी कोण?" साहेबांनी विचारलं.

दारातल्या मानसीने मुकाट्याने हात वर केला. याच वर्गात, याच गुरुजींपुढे ती लहानपणीही एवढंच करायची. बाकीची पोरं 'हजर, गुरुजी' म्हणत. आपल्या आबांना गुरुजी कसं म्हणायचं, म्हणून ती हट्टाने हात दाखवायची. आबाही तेवढ्यावर तिची हजेरी मांडायचे.

साहेब पोट धरून हसले. तेवढ्यात ढोल वाजत पालखी अंगणात आली आणि पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याचा मान म्हणून ती साहेबांच्याच खांद्यावर चढली. वरच्या आळीपर्यंत ती त्यांना उतरवता आली नाही. जाताना खांदा चोळत ते म्हणाले, "माणसं गोड आहेत, गुरुजी. पण पट पाहिला मी. चार पोरांची शाळा संस्था घेणार नाही."

रात्री जेवताना गुरुजी म्हणाले, "मीच बुडवली गो शाळा." पण लगेच त्यांना हसू फुटलं. "तो मिसरूडवाला मानसी झाला, बघितलास?" हसता हसता ठसका लागला. मानसीने पाणी दिलं. सकाळी ते उठले नाहीत.

तेरावं उरकलं तेव्हा रंगूबाई धावत आल्या. "कायदा परत बदलला म्हनं! संस्थेनं घेतलेल्या शाळा हायवेला एकाच इमारतीत नेल्या. नाकारलेल्या डोंगरातल्या शाळा जिथल्या तिथं. इथं गाडीच येत नाय, तर पोरं न्यायची कशात? आपली वाचली गो!" मग पदर डोळ्यांना लावून त्या म्हणाल्या, "माझ्या जिलबीनं ती पार हायवेला गेली असती. गुरुजींनी धरून ठेवली."

महाडला निघताना मानसी शाळेच्या दारात थांबली. मास्तर मीटिंगला गेले होते. टेबलामागे सेजल उभी होती, नाकावर नसलेला चष्मा सावरत.

"चंदू हैबती."

"हजर, गुरुजी."

उरलेली नावं झाली. मग जणू ते नाव पटावरच असावं, तसं सेजल म्हणाली, "मानसी श्रीपत."

या वेळी कोणी ओरडलं नाही. चौघंही दाराकडे बघत राहिली. मानसीचा हात सवयीने वर गेला. तिने तो खाली घेतला.

"हजर," ती म्हणाली. "हजर, गुरुजी."